अरमानी गेले, आता ‘अरमानी’ कोण बेतणार?

४ सप्टेंबर २०२५ रोजी मिलानमध्ये इटालियन फॅशन डिझायनर जॉर्जिओ अरमानी गेले. वय ९१. त्यांच्या कंपनीला पन्नास वर्षं पूर्ण होत होती आणि त्या निमित्ताचा शो आधीच ठरला होता. तो रद्द झाला नाही. २८ सप्टेंबरच्या रात्री ब्रेरा चित्रसंग्रहालयाच्या चौकात कंदील मांडले गेले, संगीतकार लुदोविको इनाउदी पियानोवर बसले आणि अरमानींनी शेवटपर्यंत ज्यांच्यावर काम केलं ते कपडे लोकांसमोर आले. एरवी शो संपला की अरमानी स्वतः बाहेर येऊन अभिवादन करत. त्या रात्री त्यांची पुतणी सिल्वाना आणि जुने सहकारी लिओ देल’ऑर्को आले.

कॉलरच्या आतल्या पट्टीवर यापुढेही ‘जॉर्जिओ अरमानी’ असंच लिहिलेलं असणार. पण तो कपडा त्यांनी पाहिलेलाही नसेल. हे चालतं कसं, आणि चालावं का, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला.

उत्तर शोधताना मला पॅरिस-मिलानच्या आधी आमच्या आईच्या शिंप्याचं दुकान आठवतं. मास्तरांकडे एक लांबडी वही होती. दर पानावर एक बाई: छाती, कंबर, बाही, मुंढा, पुढचा गळा, मागचा गळा, आणि कोपऱ्यात टाचणीनं लावलेला कापडाचा तुकडा. मास्तर गेले, मुलगा गल्ल्यावर बसला, वही तीच राहिली. पहिला ब्लाउज शिवून आला तो मापात अगदी बरोबर होता, तरी आईनं हात वर केला की पाठीत ओढायचा. मागे बसून वीस वर्षं काज-बटण करणाऱ्या कारागिरानं तो हातात घेऊन उलटा केला आणि म्हणाला, “वहिनी, मास्तर इथं पाव इंच जास्त सोडायचे. उसवून देतो.” तो पाव इंच वहीत कुठेच लिहिलेला नव्हता.

वहीत काय उरतं, हातांत काय उरतं आणि गल्ल्यावर कोण बसतं, मोठ्या फॅशन हाउसच्या वारशाचा पेचही एवढाच आहे. आकडे तेवढे अब्जांत असतात.

आधी ‘हाउस’ म्हणजे काय ते बघू

फॅशन हाउस म्हणजे एका माणसाच्या नावानं चालणारी, दर हंगामाला नवे कपडे काढणारी संस्था. त्या हंगामाचे कपडे कसे असतील हे ठरवणारा माणूस म्हणजे क्रिएटिव्ह डायरेक्टर. तो स्वतः शिवत बसत नाही. घर बांधताना वास्तुविशारद विटा रचत नाही, तसंच.

शिवतात ते कामशाळेतले लोक. पॅरिसच्या जुन्या हाउसांत पांढरे कोट घातलेल्या बायका लांब टेबलांवर बसून काम करतात. एक कामशाळा कोट-जाकिटांची, दुसरी झुळझुळीत झग्यांची. प्रत्येकीला एक प्रमुख असते. डायरेक्टरचं चित्र तिच्या हाती येतं, पण चित्रात शिवण कुठे आणि दुमड किती हे लिहिलेलं नसतं. ती आधी मांजरपाटासारख्या साध्या सुती कापडात तो कपडा पुतळ्यावर टाचण्या लावून उभा करते. या कच्च्या कपड्याला ‘त्वाल’ म्हणतात. डायरेक्टर त्वाल बघतो, खांदा उचलायला सांगतो, घेर कमी करायला सांगतो. मग दुसरा त्वाल. जमला की खऱ्या कापडाला कात्री लागते.

म्हणजे संस्थापक जिवंत असतानाही कपडा एकट्या त्याचा नसतो. त्याची रेघ वाचणारे हात दुसऱ्यांचे असतात, आणि तो गेल्यावर ते हात जाग्यावरच राहतात. एका माणसावर लिहून प्रसिद्धी करणं सोपं असतं म्हणून आपण एका माणसाबद्दल वाचतो, एरवी ही गोष्ट कामशाळेत कुणालाही विचारली तर कळेल.

१९५७: एकवीस वर्षांचा वारस

सगळ्यात बोलकं उदाहरण क्रिस्तियाँ दिओर यांचं आहे. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी, युद्धातल्या कापडाच्या रेशनिंगनं लोक वैतागलेले असताना, त्यांनी पॅरिसच्या ३०, अव्हेन्यू मोंतेन इथे घट्ट कंबर आणि वारेमाप कापडाचा घेर असलेले कपडे दाखवले आणि एका दिवसात जगप्रसिद्ध झाले. पैसा मार्सेल बुसाक या कापडगिरणीवाल्याचा होता. गिरणगावच्या मराठी वाचकाला यातली गंमत लगेच कळेल: घेर वाढला की कापड खपतं.

२४ ऑक्टोबर १९५७ रोजी इटलीत मोन्तेकातिनीला दिओर गेले. वय ५२. हाउस जेमतेम दहा वर्षांचं, पण पॅरिसच्या उंची कपड्यांच्या निर्यातीत निम्म्याच्या आसपास वाटा त्याचा होता. बंद केलं असतं तर शेकडो कारागीर घरी बसले असते. दिओरनी आपल्या हाताखालच्या एका लाजाळू पोराला आधीच हेरलं होतं. इव्ह सँ लोराँ, वय २१. तो दोनच वर्षांपूर्वी हाउसमध्ये आला होता.

३० जानेवारी १९५८ ला त्याचा पहिला शो झाला. दिओर म्हटलं की कंबर, आणि या मुलानं कंबरच काढून टाकली. खांद्याला अरुंद आणि खाली पसरत जाणारा, अंगाला न चिकटणारा झगा त्यानं दाखवला. लोक रस्त्यावर जमले, तो सज्जात आला, टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्यातला एक पांढरा झगा न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयात आहे. वरून तो हवेवर तरंगणाऱ्या जाळीचा दिसतो. तो उलटा करून पाहिला तर आत पट्ट्या घातलेली घट्ट चोळी शिवलेली आहे, आणि सगळा झगा तिच्यावर तोललेला आहे. ही आतली बांधणी दिओरच्या कामशाळेची खासियत. वरची कंबर गेली. आत मात्र तेच हात आणि तीच शिस्त होती. माझ्या मते यशस्वी वारसा असाच दिसतो. दिसणारी गोष्ट बदलते आणि आतली टिकते. बरेच जण नेमकं उलटं करतात: वरच्या खुणा जशाच्या तशा ठेवतात आणि कामशाळेचा खर्च कापतात.

सँ लोराँची पुढची कथा तितकी गोड नाही. १९६० मध्ये त्यानं काळी चामडी जाकिटं दाखवली तेव्हा हाउसच्या वयस्क, श्रीमंत गिऱ्हाइकांना ती रुचली नाहीत. त्याच वर्षी अल्जीरियातलं युद्ध चालू असताना त्याला लष्करात भरती व्हावं लागलं. तिथे तो मानसिकदृष्ट्या कोसळला, रुग्णालयात गेला, आणि इकडे त्याची जागा मार्क बोआँ यांना देण्यात आली. त्यानं हाउसला कोर्टात खेचलं आणि १९६१ मध्ये स्वतःचं हाउस काढलं. बोआँ मात्र १९८९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ एकोणतीस वर्षं टिकले. संस्थापकाच्या दहा वर्षांच्या जवळजवळ तिप्पट. तरीही त्यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे? हाउस तगवणारा माणूस बऱ्याचदा असा विस्मरणात जातो, हे मला मनापासून खटकतं.

पण मग ते कपडे खोटे नाहीत का?

हा आक्षेप रास्त आहे. चित्रकार गेल्यावर त्याच्या सहीनं दुसऱ्यानं चित्र काढलं तर आपण त्याला बनावट म्हणतो. मग कपड्याला वेगळा न्याय का?

कारण तुलना चित्राशी नाही, गाण्याच्या घराण्याशी करायला हवी. अल्लादिया खाँसाहेब १९४६ मध्ये मुंबईत गेले, म्हणून जयपूर-अत्रौली गायकी संपली नाही. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर दोघी गोव्याच्या, दोघी त्यांच्या शिष्या, आणि दोघींचं गाणं वेगळं. मोगूबाईंच्या लेकीनं, किशोरीताईंनी, घराण्याची चौकट इतकी वाकवली की जाणकार भांडायला उठले. तरी किशोरीताईंचं गाणं बनावट आहे असं कुणी म्हटलं नाही. घराण्यात नक्कल चालत नाही. शिस्त अंगात मुरवून तिच्यातून स्वतःचं काढावं लागतं.

शनेलचं उदाहरण घ्या. गाब्रिएल शनेल १० जानेवारी १९७१ ला गेल्या. पुढची बारा वर्षं हाउस अत्तराच्या विक्रीवर आणि जुन्याच धाटणीच्या कपड्यांवर रेटत राहिलं. प्रत्येक जण बाईंना काय आवडलं असतं याचा अंदाज बांधत होता. १९८३ मध्ये मालक व्हर्टहायमर कुटुंबानं कार्ल लागरफेल्ड या जर्मन माणसाकडे सूत्रं दिली. त्यानं बाईंचं ट्वीडचं, म्हणजे जाड लोकरी कापडाचं जाकीट घेतलं आणि तोकडं केलं, भडक केलं, जीन्सवर चढवलं. पण एक गोष्ट राहिली. त्या जाकिटाच्या आतल्या घेराला, अस्तराच्या कडेनं, बारीक धातूची साखळी शिवलेली असते. तिच्या वजनानं जाकीट कधी वर चढत नाही, सरळ पडतं. बाहेरून ती कुणालाच दिसत नाही, पण घालणारीला जाणवते. लागरफेल्ड यांनी ३६ वर्षं, २०१९ मध्ये स्वतः जाईपर्यंत, हे हाउस सांभाळलं.

त्यापेक्षा दुकान बंद करणं प्रामाणिक नाही का?

क्रिस्तोबाल बालेन्सिआगा यांना तसंच वाटलं. कापणं, शिवणं, बाही बसवणं सगळं स्वतःला येणारा हा दुर्मीळ डिझायनर. १९६८ मध्ये त्यांनी पॅरिसचं हाउस बंद केलं आणि १९७२ मध्ये ते गेले. विषय संपायला हवा होता. १९८६ मध्ये ते नाव दुसऱ्यांनी विकत घेऊन पुन्हा चालू केलं, कारण त्या नावाचं अत्तर विकलं जात होतं. आज ते केरिंग या फ्रेंच समूहाकडे आहे.

म्हणजे माणसाला दुकान बंद करता येतं, नाव बंद करता येत नाही. नाव हा ट्रेडमार्क असतो आणि तो जमिनीच्या तुकड्यासारखा विकता येतो. कामशाळा मात्र एकदा पांगली की पांगली. बालेन्सिआगांच्या नावानं उंची, हातशिलाईचे कपडे पुन्हा दिसायला २०२१ साल उजाडलं, ५३ वर्षांनी, आणि ती कामशाळा पुन्हा नव्यानं जमवावी लागली. म्हणून बंद करण्याचा मार्ग वरून दिसतो तितका मला निर्मळ वाटत नाही. त्यात वही आणि नाव उरतात, आणि पाव इंच माहीत असलेला कारागीर निघून जातो.

घरचा वारस बरा की बाहेरचा?

इटालियन डिझायनर जियानी व्हर्साची यांची १५ जुलै १९९७ रोजी मायामीत हत्या झाली. त्यांनी कंपनीतला निम्मा हिस्सा भाचीला, अलेग्राला, ठेवला होता. ती तेव्हा ११ वर्षांची होती. कपड्यांची जबाबदारी बहिणीवर, दोनातेलावर आली आणि भाऊ गेल्यावर तीन महिन्यांत तिला शो करावा लागला. शोक करायलाही हंगाम थांबत नाही. तिनं सत्तावीस वर्षं ते ओढलं. २०१८ मध्ये कंपनी अमेरिकन समूहाला सुमारे २.१ अब्ज डॉलरना विकली गेली. २०२५ मध्ये दोनातेलानं डायरेक्टरपद सोडलं आणि प्रादानं १.२५ अब्ज युरोंना कंपनी घेण्याचा करार केला.

ब्रिटिश डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीन ११ फेब्रुवारी २०१० ला गेले तेव्हा १६ पोशाख अर्धवट टेबलावर होते. सारा बर्टन विद्यार्थिदशेपासून त्यांच्याकडे होती. तिनं आणि कामशाळेनं ते पुरे करून महिन्याभरात पॅरिसमध्ये दाखवले. पुढच्या वर्षी केट मिडल्टनचा लग्नाचा पोशाख तिचाच. त्यावर लेस लावणाऱ्या बायका दर अर्ध्या तासानं हात धूत आणि दर तीन तासांनी सुई बदलत. सारा बर्टन रक्ताची नव्हती आणि परकीही नव्हती. दुकानातल्या त्या कारागिरासारखी, कामातली होती.

मग कामातलाच माणूस नेहमी बरा का? तसंही नाही. लागरफेल्ड यांच्यानंतर शनेलमध्ये विर्जिनी व्हियार आल्या, तीस वर्षांच्या सहकारी. समीक्षक सतत कुरकुरत राहिले, विक्री मात्र वाढली. २०२३ मध्ये १९.७ अब्ज डॉलर. तरी २०२४ मध्ये त्या गेल्या आणि बाहेरचे मात्यू ब्लाझी आले. सावलीसारखा राहिलेला माणूस घडी विस्कटू देत नाही, पण लोकांना हळूहळू सावलीच दिसू लागते. बाहेरचा माणूस मोडतोड करतो आणि त्याला कामशाळेशी जमवून घ्यायला वेळ लागतो. कुणाला नेमलं याइतकंच त्याला किती वर्षं दिली हे महत्त्वाचं, आणि अलीकडे दोन-तीन वर्षांत माणूस बदलण्याची जी घाई चालली आहे तिच्यात कुठलाच वारसा रुजणार नाही.

एवढा आटापिटा कशासाठी? पैसा कुठून येतो?

या हाउसांचे हातशिलाईचे कपडे जगात फार थोडे लोक घेतात. कमाई अत्तर, लिपस्टिक, चष्मे, पिशव्या यांतून होते. यातलं बरंचसं हाउस स्वतः बनवतही नाही. ते आपलं नाव दुसऱ्या कंपनीला वापरायला देतं आणि विक्रीतला हिस्सा घेतं. याला परवाना म्हणायचं. दिओरना १९४९ च्या सुमारास अमेरिकेतल्या पायमोजे बनवणाऱ्या कंपनीनं नावासाठी १०,००० डॉलर देऊ केले, तेव्हा त्यांनी ठोक रक्कम नको म्हणून विक्रीवर टक्का मागितला. आपल्याकडे चष्म्याच्या दुकानात अरमानीची फ्रेम दिसते, ती एसिलोरलक्सॉटिका बनवते. अत्तर लॉरेआल बनवते, आणि तो करार २०५० पर्यंतचा आहे.

संस्थापक ९१ व्या वर्षी जातो आणि त्याच्या अत्तराचा करार त्यापुढे पंचवीस वर्षं चालू राहतो. म्हणून शो थांबवता येत नाही. शोमधले कपडे विकले गेले नाहीत तरी त्यांच्यामुळे नावाला अर्थ राहतो, आणि त्या अर्थावर फ्रेम विकली जाते.

अरमानींनी कागदावर काय लिहून ठेवलं

त्यांना मूलबाळ नव्हतं. कंपनी ज्याच्याबरोबर १९७५ मध्ये काढली तो जोडीदार सेर्जिओ गालेओत्ती १९८५ मध्ये गेला, आणि हिशेबाची बाजू अरमानींना स्वतः शिकावी लागली. कुणी गेल्यावर दुकान कसं हलतं हे त्यांनी तेव्हाच अनुभवलं होतं.

मृत्युपत्रात त्यांनी मताधिकार वाटून दिला. देल’ऑर्को यांना ४० टक्के, स्वतःच्या नावाच्या फाउंडेशनला ३०, पुतणी सिल्वाना आणि भाचा आंद्रेआ यांना १५-१५. देल’ऑर्को पुरुषांचे कपडे बघतात, सिल्वाना बायकांचे. दोघांचीही चार दशकांहून जास्त वर्षं अरमानींच्या शेजारी गेलेली. म्हणजे कात्री ज्यांच्या हाती, त्यांचा हात गल्ल्यावरही आहे. मला या मृत्युपत्रातली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच वाटते. दिओरच्या पोराकडे कात्री होती, मत नव्हतं, म्हणून तो एका झटक्यात बाहेर गेला.

पुढचं कलम मात्र बऱ्याच वाचकांना चक्रावून गेलं. आयुष्यभर कंपनी न विकणाऱ्या माणसानं लिहून ठेवलं की मृत्यूनंतर १२ ते १८ महिन्यांत १५ टक्के हिस्सा विकावा, शक्यतो एलव्हीएमएच (चैनीच्या वस्तूंचा फ्रेंच समूह), लॉरेआल, एसिलोरलक्सॉटिका किंवा त्याच तोलाच्या कंपनीला. तीन ते पाच वर्षांत त्याच खरेदीदाराला आणखी ३० ते ५४.९ टक्के द्यावेत, नाहीतर कंपनी शेअर बाजारात आणावी. फाउंडेशनचा वाटा ३० टक्क्यांखाली जाऊ नये. यातल्या दोन कंपन्या त्यांचं अत्तर आणि चष्मे बनवतात. वाटणीवरून घर फुटण्याआधी ओळखीच्या माणसाला भागीदार करून घ्यावं, असा हा विचार आहे.

कंपनीच्या नियमावलीत शैलीबद्दलही लिहिलेलं आहे: कपडे नेमके, आधुनिक, देखणे असावेत, दिखाऊ नसावेत, तपशील नीट असावा आणि ते अंगावर वागवता यावेत. अरमानींनी १९७० च्या दशकात कोटाचं अस्तर, बकरम आणि खांद्याची गादी काढून टाकली, आणि कोट सदऱ्यासारखा अंगावरून ओघळू लागला. तो ओघळ नियमावलीत कसा लिहिणार? ‘दिखाऊ नसावं’ हे वहीतलं माप झालं. बकरम काढल्यावरही कोट चुरगळू नये म्हणून शिवण कुठे घ्यायची, ते हातातलं. सिल्वाना आणि देल’ऑर्को आहेत तोवर ते हात कुठे गेलेले नाहीत. खरी कसोटी तिसऱ्या-चौथ्या वर्षी लागेल, कारण मोठा खरेदीदार आणि पुढच्या पिढीच्या डायरेक्टरचा प्रश्न बहुधा एकाच वेळी दारात येतील.

याचा मुंबई-गोव्याशी काय संबंध?

पॅरिसच्या कपड्यांवरचं बरंच भरतकाम मुंबईत होतं. लाकडी अड्ड्यावर ताणलेलं कापड, त्याच्या दोन्ही बाजूंना बसलेले कारागीर आणि आरीची सुई. ३० मार्च २०२३ रोजी दिओरचा शो गेटवे ऑफ इंडियासमोर झाला तेव्हा मागे लावलेलं भलंमोठं तोरण मुंबईच्या चाणक्य संस्थेत भरलेलं होतं. मारिया ग्राझिया किउरी या तेव्हाच्या डायरेक्टरचं या संस्थेशी जुनं नातं. त्या २०२५ मध्ये दिओरमधून गेल्या, जोनाथन अँडरसन आले. नव्या माणसाला भरतकाम आवडतं की साधी शिवण, यावर इथल्या अड्ड्यांवर किती माणसं बसतील हे ठरतं.

आणि गोव्यात डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स. कुणबी साडीचा तांबडा चौकडा पुन्हा अंगावर यावा म्हणून खटपट करणारे. १२ फेब्रुवारी २०२० ला ते कोलवाळला गेले, वय ५९. तेव्हा त्यांच्या लेबलवर कपडे कोण करणार हा प्रश्न उठलाच नाही. २०१६ मध्येच त्यांनी ते शुलेन फर्नांडिस यांच्या हाती दिलं होतं, ज्यांनी पूर्वी त्यांच्याच हाताखाली काम केलं होतं. स्वतः ते कोलवाळच्या आपल्या जुन्या घरात गोव्याच्या वेशभूषेचं संग्रहालय उभं करायला लागले होते. शुलेनचे कपडे लेबलवर येत होते आणि वेंडेल अजून शेजारीच, विचारता येईल एवढ्या अंतरावर होते.